स्वतःच्या समाजाबद्दल लिहिण्याची किंमत : हांसदा सौवेंद्र शेखर यांचा लेखनप्रवास

११ ऑगस्ट २०१७ रोजी झारखंड सरकारने एका कथासंग्रहावर बंदी घातली. संग्रहाचे लेखक स्वतः संथाळ आदिवासी, शिवाय त्याच सरकारच्या आरोग्य सेवेत डॉक्टर. बंदीपाठोपाठ त्यांना नोकरीतून निलंबित करण्यात आले. आरोप असा की पुस्तकात आदिवासी स्त्रियांची आणि संथाळ संस्कृतीची बदनामी आहे. त्याच्या आठवडाभर आधी पाकुड शहरात त्यांचा पुतळा जाळला गेला होता, आणि तो जाळणाऱ्यांत त्यांच्याच समाजाचे लोक होते.

लेखकाचे नाव हांसदा सौवेंद्र शेखर. आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यातल्या तरुण कार्यकर्त्यांत, हे नाव फारसे माहीत नाही. आपली पुस्तकांची दुकाने १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी भरतात. त्यात आदिवासी लेखकांची पुस्तके बोटावर मोजण्याइतकी असतात, आणि झारखंडच्या लेखकांची तर नसतातच. ‘दलित-आदिवासी’ हा जोडशब्द मात्र आपण प्रत्येक निवेदनात लिहितो. या जोडशब्दातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी हा लेख आहे. त्यातून एक प्रश्न आपल्याही दारात येतो, तो टाळायचा नाही असे आम्ही ठरवले आहे.

शेखर यांचा जन्म १९८३ चा. पूर्व सिंहभूम जिल्ह्यात, घाटशिला-चाकुलियाच्या भागात ते वाढले. हा तांब्याच्या खाणींचा आणि कारखान्यांचा पट्टा. जमशेदपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते सरकारी वैद्यकीय अधिकारी झाले आणि संथाळ परगण्यातल्या पाकुड जिल्ह्यात त्यांची नेमणूक झाली. हाच तो प्रदेश, जिथे १८५५ मध्ये सिदो आणि कान्हू मुर्मू यांच्या नेतृत्वाखाली संथाळांनी सावकार, जमीनदार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध ‘हूल’ पुकारला. आज तिथून दगड आणि कोळसा बाहेर जातो, धूळ गावातच राहते. दिवसा पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरला माणसांची शरीरे, भूक, आजार, बाळंतपणे, दारू, मारहाण हे सगळे जवळून दिसते. शेखर यांच्या कथांत शरीर फार आहे, याचे एक कारण आम्हाला हे वाटते.

त्यांची पहिली कादंबरी २०१४ मध्ये आली. इंग्रजी शीर्षकाचा अर्थ ‘रुपी बास्के हिचा गूढ आजार’ असा होतो. रुपी ही गावातली सगळ्यात धट्टीकट्टी बाई, भाताच्या खाचरात काम करता करता मूल जन्माला घालणारी. लग्न होऊन ती कदमडिही गावातल्या मानाच्या घरात येते, तिचा नवरा सिदो शाळामास्तर असतो. नवऱ्याच्या सहकाऱ्याची बायको गुरुबारी तिची मैत्रीण होते, आणि हळूहळू रुपी झिजत जाते. गावाच्या मते हे ‘डाहनी’चे, म्हणजे चेटकिणीचे, काम. मागे चार पिढ्यांची कहाणी आणि वेगळ्या झारखंडची चळवळ वाहत राहते. राज्य झाले १५ नोव्हेंबर २००० ला. रुपीच्या अंथरुणात त्याने काही फरक पडत नाही.

विज्ञाननिष्ठ वाचक म्हणून आम्हाला या कादंबरीत एक गोष्ट खटकली, ती लपवत नाही. लेखक चेटूक खोटे आहे असे कुठेही ठामपणे सांगत नाही. पात्रांचा त्यावर विश्वास आहे आणि लेखक त्या विश्वासाच्या आत राहूनच लिहितो. आपल्याकडे नंदुरबारच्या डोंगरात ‘डाकीण’ ठरवून बायकांचे हाल होतात, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच गोष्टींसाठी करावा लागला. त्यामुळे मनात शंका येते. मात्र याच लेखकाने पुढच्या संग्रहात ‘बासो-झी’ ही कथा लिहिली. त्यात मुलांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या विधवेवर चेटकीण असल्याचा ठपका येतो, आणि तो ठपका कसा तयार होतो याचे टप्पे दिसतात. सुरुवात कुजबुजीपासून होते. दोन्ही पुस्तके एकत्र वाचली की लेखकाची भूमिका कळते. एकच वाचून निकाल देऊ नये.

या कादंबरीसाठी त्यांना २०१५ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी दहा कथांचा तो संग्रह आला, ज्याच्या नावाचा अर्थ ‘आदिवासी नाचणार नाही’. हिंदीत तो ‘आदिवासी नहीं नाचेंगे’ या नावाने उपलब्ध आहे.

शीर्षककथेतला मंगल मुर्मू साठीचा आहे. गाणी रचतो, नाचाचे पथक चालवतो. आयुष्यभर सरकारी कार्यक्रमांत, पाहुण्यांपुढे नाचला. हाती आली ती प्रमाणपत्रे. कोळशाच्या धुळीने शेत काळे झाले, मुलीच्या सासरची जमीन वीजप्रकल्पासाठी गेली. त्याच प्रकल्पाच्या पायाभरणीला देशाचे राष्ट्रपती येणार, आणि त्यांच्यापुढे नाचायचे आमंत्रण मंगलला मिळते. तो मंचावर जातो आणि नाचायला नकार देतो. मग त्याला मार खावा लागतो. २०१३ मध्ये गोड्डा जिल्ह्यात राष्ट्रपतींच्या हस्ते एका औष्णिक वीजप्रकल्पाची पायाभरणी झाली होती, तिची सावली या कथेवर आहे. प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथावर आदिवासी नाच पाहून टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाने ही कथा वाचावी. आपल्या वस्तीतल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतही मुलांच्या डोक्याला पिसे बांधून ‘आदिवासी नृत्य’ बसवले जाते. ते बसवणाऱ्या शिक्षकांनीही वाचावी.

परभणीत बसून वाचताना जास्त जवळची वाटते ती वेगळी कथा. तिच्या शीर्षकाचा अर्थ ‘ते मांस खातात!’ तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले बिराम सोरेन यांची बदली वडोदऱ्याला होते. घरमालक सांगतो की इथे मांस-मच्छी, अंडी चालणार नाहीत. आपण आदिवासी आहोत हेही कोणाला सांगू नका, असे सुचवतो. त्यांची पत्नी पानमुनी-झी स्वयंपाकघरातली स्वतःची सवय मोडते. चोरून अंडे शिजवायचे, टरफले लपवून टाकायची. मग २००२ उजाडते. जमाव कॉलनीतल्या एकमेव मुस्लिम घरावर चालून येतो, तेव्हा आजूबाजूच्या घरांतल्या बायका गच्च्यांतून, खिडक्यांतून भांडी फेकून त्याला पळवून लावतात. मांसाहाराला नाक मुरडणाऱ्या बायकाही त्यात आहेत.

तरुणांच्या बैठकीत आम्ही ही कथा मराठीतून सांगितली, तेव्हा ‘आडनाव काय?’ या प्रश्नावर अडलेल्या खोल्यांच्या हकीकती लगेच निघाल्या. पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात स्पर्धा परीक्षेसाठी गेलेल्या मुलामुलींनी घरमालकाला काय सांगितले आणि काय सांगितले नाही, यावर तासभर बोलणे झाले. बाबुराव बागुल यांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाचे नावच किती जणांच्या आयुष्याला अजून लागू आहे, हे त्या तासात कळले. बागुलांच्या नायकाला जात लपवावी लागली, सोरेन कुटुंबाला अंड्याची टरफले.

आता ज्या कथेमुळे गदारोळ झाला तिच्याकडे येऊ. शीर्षकाचा अर्थ ‘नोव्हेंबर हा स्थलांतराचा महिना’. जेमतेम चार पानांची कथा. तालामाय किस्कू ही वीस वर्षांची मुलगी घरच्यांबरोबर आणि गावातल्या लोकांबरोबर पश्चिम बंगालमध्ये वर्धमानकडे भातशेतीच्या मजुरीला निघाली आहे. रेल्वे स्टेशनवर ती थोडी मागे राहते. भूक लागलेली असते. रेल्वे सुरक्षा दलाचा एक जवान तिला खाऊ घालतो. त्याबदल्यात तिला त्याच्याबरोबर जावे लागते. शेवटी हातात येतात गार झालेले दोन ब्रेड पकोडे आणि पन्नास रुपये. मुलगी रडत नाही, लेखकही रडत नाही. जे घडले ते कोरड्या शब्दांत सांगून कथा संपते.

कथेवर आक्षेप असा की यातून संथाळ स्त्री शरीर विकणारी दिसते. अश्लील, बीभत्स असे शब्द वापरले गेले. आमचे वाचन वेगळे आहे. कथेत विकत घेणारा माणूस गणवेशात आहे आणि त्याच्या हातात खाणे आहे. मुलीजवळ निवड म्हणावे असे काही नाही. कथेला थंडपणा आहे तो याच कारणाने, की तिच्या जगात हे नवीन नाही. हे वाचून राग यायला हवा तो लेखकाचा नव्हे.

आपल्या जिल्ह्याच्या वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, सोनपेठकडच्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुलांची शाळा सुटलेली, म्हातारी माणसे गावात मागे. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने उसाच्या फडात पालावर राहायचे. पाळी आली तरी सुट्टी नाही, खाडा केला तर दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या तेव्हा विधिमंडळात चर्चा झाली, समिती बसली. पण फडात रात्री काय होते ते बायका एकमेकींनाच सांगतात, तेही अर्धे. यावर कोणी आपल्यातल्या मुलीने चार पानांची कथा लिहिली, नाव-गाव बदलून, पण कोरडी आणि स्पष्ट, तर आपण काय करू? हा प्रश्न आम्ही सहज विचारत नाही.

शेखर यांच्या बाबतीत काय झाले ते पाहा. संग्रह आल्यानंतर समाजमाध्यमांवर त्यांच्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. त्यात शिकलेले संथाळ होते, लेखकही होते. दोन वर्षे ती धुमसत राहिली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुतळा जळाला, मग विधानसभेत विरोधी पक्षात असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चाच्या आमदारांनी बंदीची मागणी केली आणि रघुवर दास यांच्या भाजप सरकारने ती तत्काळ मान्य केली. एरवी ज्यांचे एकमेकांशी पटत नाही त्यांचे या एका बाबतीत पटले. याच सरकारने छोटानागपूर आणि संथाळ परगण्याच्या कुळकायद्यांत बदल करून आदिवासींच्या जमिनीचे संरक्षण सैल करायचा प्रयत्न केला होता. लोक रस्त्यावर आले, राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी विधेयक परत पाठवले, सरकारला माघार घ्यावी लागली. जमिनीच्या प्रश्नावर आदिवासींचा रोष अंगावर घेतलेल्या सरकारला ‘आदिवासी अस्मिते’चा रक्षक होण्याची ही आयती संधी होती. त्याच ऑगस्टमध्ये त्याने धर्मांतरावर निर्बंध आणणारे विधेयकही संमत करून घेतले. धर्मांतराचा हक्क म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, म्हणून या दोन गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत हे लक्षात ठेवावे.

देशभरातून लेखक, कार्यकर्ते, काही संथाळ वाचकही शेखर यांच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये बंदी उठली. पुढे ते पुन्हा नोकरीत रुजू झाले.

आता आपल्या घराकडे वळू. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातल्या ‘रिडल्स’वरून वादळ उठले. राम आणि कृष्णावरचा मजकूर वगळा, अशी मागणी करणाऱ्यांच्याही भावनाच दुखावल्या होत्या. तेव्हा आपली आधीची पिढी फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत प्रचंड मोर्चाने उतरली. मजकूर राहिला, शासनाने त्यातल्या मतांशी सहमत असेलच असे नाही अशी टीप जोडली. भावना दुखावल्या म्हणून पुस्तकातला शब्द काढता येणार नाही, हे आपण रस्त्यावर सांगितले आहे.

आणि २०१२? एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातले शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र. संविधान तयार व्हायला लागणाऱ्या वेळेवरची टिप्पणी, त्यात गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, आणि हातात चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गोंधळ झाला, चित्र मागे घेतले गेले, पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुण्याच्या कार्यालयात तोडफोड झाली, ती आंबेडकरी म्हणवणाऱ्यांकडून. त्या चित्राने अनेकांना मनापासून वेदना झाल्या, आणि त्या वेदनेवर वाद घालणे, लिहिणे, निषेध करणे हा हक्क होताच. तोडफोड त्यात बसत नव्हती, असे आमचे मत आहे. काही साथींना ते आजही पटत नाही.

परभणीत हे लिहिताना आणखी एक गोष्ट मनात असते. १० डिसेंबर २०२४ रोजी इथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर वस्त्यांमध्ये पोलिसांनी काय केले हे इथल्या घराघरांना माहीत आहे. कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातला सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्यामुळे ‘भावना’ हा शब्द आम्ही हलका करत नाही. प्रतिकृतीची मोडतोड आणि आतल्या माणसाने लिहिलेली कथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. पहिलीत अपमान करायचा हेतू असतो. दुसरीत लेखक स्वतःच्या घरातली जखम दाखवतो, आणि दाखवताना त्याचाही हात थरथरत असतो.

मराठीत हे पूर्वी घडून गेले आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा आपल्याच शिकलेल्या वर्गातले अनेक जण अस्वस्थ झाले, ज्या वस्तीतून बाहेर पडलो तिचे वर्णन चारचौघांत नको होते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. आपल्या घरांतल्या सासुरवासाबद्दल, बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दल त्यांनी लिहिले. आज ही पुस्तके आपण अभिमानाने विद्यापीठांत शिकवतो. शेखर यांच्या समाजाला तो वेळ अजून मिळालेला नाही, कारण संथाळांचे लिखित कथासाहित्य बाहेरच्या वाचकापुढे नुकते येऊ लागले आहे. पहिल्या काही पुस्तकांवर अख्ख्या समाजाची ओळख उभी राहते, तेव्हा माणसे घाबरतात. विरोध करणाऱ्यांतल्या साध्या माणसांची ही भीती आम्हाला समजते. तिचा वापर करणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल मात्र काही सहानुभूती नाही.

शेखर इंग्रजीत लिहितात, हाही एक आक्षेप. संथाळीला पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास ओल चिकी ही स्वतंत्र लिपी दिली. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती भाषा आठव्या अनुसूचीत आली. मग इंग्रजी का? आमच्या मते इंग्रजीमुळे ती पुस्तके दिल्लीपर्यंत गेली, आणि इंग्रजीमुळेच ‘बाहेरच्यांना दाखवायला लिहितो’ असा संशयही वाढला. दोन्ही खरे आहे. आपल्या गोंडीला तर अनुसूचीत अजून जागाही नाही.

बंदीनंतर एखादा लेखक मऊ झाला असता. २०१८ मध्ये शेखर यांनी मुलांसाठी एक पुस्तक लिहिले, आणि दुसरी कादंबरीही, शीर्षकाचा अर्थ ‘माझ्या वडिलांची बाग’. नायक तरुण संथाळ डॉक्टर, पुरुषांवर प्रेम करणारा. प्रेमात अपमानित होतो, सरकारी नोकरीतल्या एका मित्राचे खरे रूप पाहतो, शेवटी वडिलांच्या घरी आणि आदिवासी राजकारणात पराभूत झालेल्या त्या वडिलांच्या बागेत परततो. २०१९ मध्ये ही कादंबरी जेसीबी पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. चळवळीतल्या बापाच्या पराभवाविषयी इतके हळुवार लिहिलेले आम्ही कमी वाचले आहे. आपल्याकडे पँथरच्या पिढीची मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांच्यातून असे काही यावे.

अलीकडे ते अनुवादही करतात. नागपूरचे हिंदी लेखक मनोज रूपडा यांची बस्तरवरची कादंबरी त्यांनी इंग्रजीत नेली. नागपूरची दीक्षाभूमी आपल्याला ठाऊक, त्याच शहरात लिहिली गेलेली बस्तरची कादंबरी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली?

मराठीतल्या आदिवासी कथात्म साहित्याचा रस्ता मात्र अजून अरुंद आहे. कवितेत वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम ही मोठी नावे. कादंबरीत धुळे-नंदुरबार भागातल्या, सत्यशोधक कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या नजुबाई गावित यांचे ‘तृष्णा’ आणि ‘भिवा फरारी’ हे लेखन आहे. पण १ मे १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोलीत, कळमनुरी-औंढ्याच्या बाजूला, आंध आदिवासींची गावेच्या गावे आहेत. त्यांच्या घरातली गोष्ट त्यांच्याच कोणी लिहिलेली आमच्या वाचनात आलेली नाही. तिकडच्या आश्रमशाळांत शिकणाऱ्या मुलींकडे वह्या आहेत, हे आम्ही पाहिले आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी हिंदी अनुवाद मागवावा आणि शीर्षककथेपेक्षा ‘ते मांस खातात!’ आधी वाचावी. नोव्हेंबरची कथा बैठकीत वाचायची असेल तर फडावर जाऊन आलेल्या बायकांना बोलवा, आणि आधी त्यांना बोलू द्या.